पूजेला मांडलेला लॅपटॉप

गावात कुणी गेलं की दोन-चार दिवसांनी त्या घरचं माणूस सत्यवतीच्या दारात येतं. आल्या आल्या विषय काढत नाही. तुळशीकडे बघतं, पाण्याचा तांब्या घेतं, यंदा उकाडा फार म्हणतं. सत्यवती ओळखते. पदराला हात पुसत तीच विचारते, "कोणाच्या लग्नात गेलेले ते?"

पेडण्याच्या या भागात माणसाचा धड फोटो निघतो तो दुसऱ्याच्या लग्नात. स्वतःच्या लग्नात माणूस घाबरलेला असतो आणि आधारकार्डावर सगळेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. दुसऱ्याच्या मांडवात मात्र पोटभर जेवून, पान लावून, चार माणसांत हसत बसलेला असतो, तेव्हा तो खरा तो असतो. आणि आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढले होते सत्यवतीच्या नवऱ्याने, दत्तारामांनी. ते सगळे त्यांच्या लॅपटॉपमध्ये होते.

दत्ताराम गेल्यावर लोकांना वाटलं, आता तो लॅपटॉप कुणीतरी विकत घेईल. पण सत्यवती वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून बघत आलेली. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते, पण कुठलं बटण दाबलं की मागचं रडकं पोर पुसलं जातं, तोंडावरचं तेल कसं कमी करायचं, हे तिच्या बोटांना माहीत. गेलेल्या माणसाचा फोटो शोधायचा तर ती आधी देवाकडे निरांजन लावते, मग मेजाशी बसून हळूच म्हणते, "येवा." कुणी ऐकलं तर हसेल म्हणून हळू. फोटो सापडला की खांद्यापासून वरचा भाग कापते, मागे फिकट निळा रंग भरते आणि शुक्रवारी म्हापशाला जाऊन छापून आणते. गावातल्या निम्म्या भिंतींवरची माणसं तिच्या हातून गेली आहेत.

नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी, लक्ष्मी आली.

लक्ष्मीचं घर शेताच्या पलीकडे. ती आणि तिचा नवरा सिंधुदुर्गातून लोकांच्या काजूत, भातात मजुरीला आले ते इथेच राहिले. एकुलता एक मुलगा विशाल डिचोलीकडे ट्रकवर होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मोटरसायकलवरून घरी येताना हमरस्त्यावर गेला. खिशातल्या फोनचाही चुरा झाला.

तेव्हा सत्यवतीने आपणहून विचारलं होतं, फोटो काढून देऊ का म्हणून. लक्ष्मी म्हणाली होती, मुलाच्या फोटोला आईने हार घालायचा नसतो. आणि विषय बंद केला होता.

आता ती ओट्यावर टेकली आणि बराच वेळ पायाची माती नखाने काढत राहिली.

"वैनी, तुमच्या दिपालीच्या लग्नात दत्तारामभावान विशालाचो एक फोटो काढलेलो. जेवण वाढताना. हातात बालदी होती."

"काढलेलो तर. आपण दोघींनी बघितलो मगे. तोंड भरून हसता."

"तोच. वरसाच्या श्राद्धाक लावूचो म्हणतंय. त्याचे दोस्त फोटो घेऊन आयले, पण एकात गॉगल, एकात जीभ भायर काढलेली. ह्यांका म्हटलां, हेका नमस्कार कसो करतले लोक?"

सत्यवती हसली. लक्ष्मीही जराशी हसली. वर्षभरात तिचे दात पहिल्यांदाच दिसले.

"आता खंडेनवमी आणि दसरो," सत्यवती म्हणाली. "दसरो होवंदे गे. झालो की पयलो तोच काढतंय. शुक्रवारी छापून हाडतंय."

तेव्हाच उठून काढला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चुलीवर नैवेद्याची खीर होती, आणि वर्षभर थांबलेल्या कामाला दोन दिवस काय, असं तिला वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला ती खीर आठवली की घास उतरत नसे.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडायची. कोयता, आदोळी म्हणजे भाजी चिरायची विळी, कुदळ, शिवणयंत्र. आणि दत्तारामांच्या धंद्याची म्हणून कॅमेरा आणि लॅपटॉप. ते असताना आदल्या दिवशीच सगळं थांबवत. कॅमेऱ्यातली बॅटरी काढत, शिवणयंत्रातला दोरा ओढून घ्यायला सांगत. "वर्षभर राबतात ती. आज त्यांका निजूक दी." चालू हत्यार पूजेला मांडायचं नाही आणि मांडलेल्याला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. ते गेल्यावर सत्यवतीने ती मोडली नव्हती.

नवमीला सकाळी तिच्या मनात आलं, पूजेआधी निदान फोटो शोधून तरी ठेवावा. गावात बरेच महिने कुणी गेलं नव्हतं, म्हणून लॅपटॉप उघडलेला नव्हता. तिने उघडला तर नेहमीचं चित्र येईना. काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं कडं गरगर फिरत होतं आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. तिने अक्षरं लावली. आत काहीतरी नवं भरणं चाललं होतं आणि ते होईतो बंद करू नका, असं म्हणत होता. कळलं तिला ते. कळलं नाही असं तिने नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही.

ती थांबली. भात झाला, वडे झाले. कडं फिरतच होतं. पाट मांडले, झेंडूच्या माळा झाल्या, नव्या भाताची कणसं आली. कोयत्याला कुंकू लागलं, यंत्राला लागलं. पाटावर लॅपटॉपची जागा तेवढी रिकामी, आणि नैवेद्य निवत चाललेला. ती मनात म्हणाली, फिरत्या चाकाला फूल कसं वाहायचं? दत्ताराम असते तर त्यांनी काय केलं असतं? कधी लॅपटॉप अडकला की ते बटण दाबून धरत. "मानगूट धरली की सुधारता," म्हणत.

तिने बटण दाबून धरलं. कडं नाहीसं झालं. झाकण मिटून तिने तो पाटावर ठेवला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, सगळी हत्यारं उठवली. लॅपटॉप उघडला तर निळा पडदा. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा निळा. मग तर नुसता काळा, वर एक पांढरी रेघ उघडझाप करणारी.

तिने देवापुढे सुपारी ठेवली, उदबत्ती लावली आणि डिचोलीला दिलेल्या मुलीला, दिपालीला, फोन करून काय झालं ते सांगितलं.

"आई, तू बंद कशाला केलास?"

"पूजा होती."

दिपाली म्हणाली, "बरं. आता तू काही दाबू नको. म्हापशाला गौरेश म्हणून आहे, ह्यांच्या ओळखीचा. त्याच्याकडे ने."

दसऱ्यानंतरचा शुक्रवार होता, म्हापसा बाजाराने भरलेलं. मिरच्या-सुक्या माशांच्या गर्दीतून लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून सत्यवती गौरेशच्या दुकानाचा जिना चढली. तिशीतला मुलगा, कपाळाला बारीक गंध. त्याने लॅपटॉप उघडला, कळांच्या फटीतलं कुंकू बघितलं आणि तिच्याकडे बघितलं.

"खंडेनवमी?"

तिने मान खाली घातली.

"लाजू नका काकी. दरवर्षी येतात. गेल्या वर्षी एकाने नारळ फोडून पाणी थेट कीबोर्डवर शिंपडलेलं. तुमचं बरं, सुकी पूजा."

"मी चालू असताना बंद केला," ती म्हणाली. "आत काहीतरी भरत होता. मी वाचलं होतं, बंद करू नका म्हणून. तरी केला."

गौरेशचं हसू जरा कमी झालं. त्याने एक पेनड्राइव्ह लावला, चालू-बंद केलं, आतल्या आत दुरुस्ती होते का पाहिलं. पडदा चालल्यासारखा करी आणि परत काळा होई. बऱ्याच वेळाने तो मागे टेकला.

"विंडोज मोडली. म्हणजे लॅपटॉप ज्याच्या जिवावर चालतो तेच. नवी घालावी लागणार."

"घाल बाबा."

"घालीन. पण नवी घातली की आतलं सगळं पुसलं जातं. आत काय आहे?"

"गावचे फोटो."

"दुसरीकडे कुठे ठेवलेत? वेगळी डिस्क, सीडी?"

सत्यवतीने नकारार्थी मान हलवली. सीड्या होत्या, त्यांना बुरशी आली म्हणून दत्तारामांनी सगळं ह्याच्यात भरलं होतं. आणि हे चांगलं चालतंय म्हणून निश्चिंत झाले होते.

"मग आधी आतलं बाहेर काढू, मग नवी घालू," गौरेश म्हणाला. त्याने लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले आणि हाताच्या पंजावर मावेल अशी चपटी डिस्क बाहेर काढली. सत्यवतीला ते बघवेना. कोंबडीचं पोट फाडून काळीज काढतात तसं वाटलं. त्याने ती तारेने आपल्या कॉम्प्युटरला जोडली, आणि डिस्कमधून बारीक टक टक ऐकू येऊ लागलं. गौरेशने कान जवळ नेला.

"हे चांगलं नाही."

"मी बंद केलं म्हणून?"

त्याने डिस्कवर बोट टेकलं. "डिस्क म्हातारीच होती, काकी. तुम्ही बंद केला नसता तरी वर्ष-दीड वर्ष, फार तर."

"आणि केला म्हणून?"

"म्हणून आज."

खोटं बोलला नाही हे तिला बरं वाटलं.

पडद्यावर पिवळ्या पाकिटांची रांग आली. दत्तारामांनी नावं घातलेली, त्यांच्या पद्धतीची. सातेरी जत्रा. कोरगावची व्हंकल, म्हणजे नवरी. पाऊस पडला ते लग्न. दिपाली. आणि अगदी शेवटी, आपले.

"कधी थांबेल सांगता येत नाही," गौरेश म्हणाला. "पाच मिनिटं चालेल, दिवसभर चालेल. जे निघालं ते आपलं. पहिलं काय काढू, तेवढं सांगा."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. दिपाली होती. सत्यवतीने तिला सांगितलं काय चाललंय ते.

"आई, 'आपले' काढायला सांग पहिलं. बाबांचे सगळे त्यातच आहेत. आम्हा सगळ्यांना उभं करून, कॅमेरा स्टुलावर ठेवून धावत येऊन उभे राहायचे, ते सगळे. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"विशालचो तुझ्या लग्नातलो आसा. तुझ्या आल्बमात नाय ना तो?"

"जेवण वाढणाऱ्याचा फोटो कोण आल्बमात लावतो, आई?" बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. आवाज खाली आला. "तसं नाही म्हणत मी. त्याचंही काढ. पण आधी बाबांचं. माझ्या लग्नाच्या फोल्डरात हजारो आहेत. त्यातच डिस्क गेली तर?"

सत्यवती गौरेशच्या पडद्याकडे बघत राहिली. आपले. दत्तारामांनी हे नाव घालताना ती शेजारीच होती; म्हणाली होती, "सगळे आपलेच मगे," आणि ते म्हणाले होते, "हे जास्त आपले." लोकांचे फोटो काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे स्वतःचे फोटो थोडकेच. बहुतेक हलून गेलेले, कारण धावत येऊन उभं राहायचे. एकात त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता, चारचौघांत पहिल्यांदा आणि शेवटचं.

घरी भिंतीवर एक आहे त्यांचा, तिने मनाशी म्हटलं. चांगला आहे. मी रोज बघते. लक्ष्मीच्या भिंतीवर काय आहे?

"देवी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. मग फोनवर म्हणाली, "मी तिका शब्द दिलोय गे."

"आई, ऐक."

"तिका दसऱ्यापर्यंत थांबवलां ती मी." तिने फोन मिटला. "गौरेश, ते 'दिपाली' काढ. त्यातसुद्धा जेवणाच्या पंगतीचे पहिले."

गौरेशने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते पाकीट निवडलं. हिरवी पट्टी सरकू लागली. फोटो पडद्यावर एकेक उमटू लागले. मांडवाचे खांब. पंगतीत वाकलेल्या माना. सोलकढीचा टोप. पट्टी सरके, अडखळे, टकटक वाढे, मग परत सरके. सत्यवती बांकावर बसून हाताच्या पेरांवर देवीचं नाव घेत राहिली. खाली बाजार उठत आला, पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, गौरेशने चहा मागवला तो तिच्यासमोर निवून गेला.

एकदा टकटक थांबली. पट्टीही थांबली. गौरेशने तार काढली, लावली. डिस्क हातात धरून थोडी थंड होऊ दिली, परत लावली. पिवळी पाकिटं पुन्हा आलीच नाहीत.

"गेली," तो म्हणाला.

"आपले?"

त्याने मान हलवली. "एकही नाही निघाला. मोठ्या शहरात डिस्क उघडून काढणारे असतात, पण ते काही हमी देत नाहीत. दिपालीतले निघाले थोडे. बघू या आपण."

त्याने निघालेले दाखवले. सत्यवतीने बालदी ओळखली. त्या फोटोवर त्याने टिचकी मारली. वर आंब्याच्या पानांचं तोरण आलं, मांडवाचं निळं कापड आलं, विशालचे विंचरलेले केस आले, आणि कपाळापासून खाली सगळं राखाडी. भिंत सारवून टाकावी तसं.

सत्यवतीने पदराने पडदा पुसून पाहिला.

मग गौरेश पुन्हा शोधत बसला. कॉम्प्युटर प्रत्येक फोटोची एक चिमुकली नक्कल स्वतःसाठी करून ठेवतो, नुसतं बघता यावं म्हणून, असं त्याने तिला समजावलं. निघालेल्यात त्या नकलांचा गठ्ठा होता. त्यात विशालची होती. पोस्टाच्या तिकिटाएवढी, पण पूर्ण. बालदी, शर्ट, हसणं. त्याने ती ताणून मोठी केली तसतसं तोंड विरघळत गेलं. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या राहिल्या, दातांच्या जागी पांढरा डाग.

"याच्यापुढे माझ्या हातात नाही, काकी. छापू?"

"छाप," सत्यवती म्हणाली. छापू नको म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं तिला वाटलं.

लॅपटॉपमध्ये त्याने नवी डिस्क बसवली, नवी विंडोज घातली. पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा झटकन उघडत होता, अडकत नव्हता. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला हिरवा डोंगर होता आणि बाकी काहीच नव्हतं. माणसं सोडून गेलेल्या घराला चुना काढावा तसा. त्या दरम्यान दिपालीचा फोन रोज यायचा तो दोन दिवस आला नाही. आला तेव्हा तिने तब्येत विचारली, भाजी काय केली विचारलं, आणि बाबांबद्दल काही बोलली नाही. सत्यवतीलाही बोलता आलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना ती भिंतीवरच्या दत्तारामांकडे बघायचं टाळू लागली. ते रागावले असते असं नाही. ते म्हणाले असते, बरं केलंस. तेच तिला सोसत नव्हतं.

फोटोची चौकट करून झाल्यावर ती शेताच्या बांधावरून लक्ष्मीकडे गेली. भात कापणीला आलं होतं. लक्ष्मी खळ्यात शेण लावत होती. सत्यवतीने पडवीत बसून सगळं सांगितलं. खीर, पाट, बटण, टकटक. काही राखलं नाही. लक्ष्मी हात न धुताच ऐकत होती.

"म्हणजे पूजेक बसवलात म्हणून गेलो," लक्ष्मी म्हणाली.

"होय."

"देवाक माजोच पोरगो गावता काय वैनी, परत परत?"

सत्यवतीने कागदातून चौकट काढली आणि पुढे केली. लक्ष्मीने हात धुतले, पदराला पुसले आणि चौकट डोळ्यांजवळ नेली. मग लांब केली. परत जवळ नेली.

"हो कोण?"

सत्यवतीने कागदाची घडी घातली.

"वैनी, ह्याचे डोळे खय? तोंड खय माज्या पोराचा?" ती ओरडली नाही. चौकट तिने परत सत्यवतीच्या हातात दिली, पाणी हवं का विचारतात तशा सुरात म्हणाली, "हो माजो न्हय. व्हरा तुमी."

आणि शेणाचा गोळा उचलून खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पाठ करून.

सत्यवती उठली.  तिने चौकट पडवीच्या खांबाला टेकवून धरली, काच पुसायची म्हणून. ऊन उतरतं होतं. लक्ष्मी पाणी घ्यायला म्हणून मागे वळली आणि होती तिथेच थांबली.

तिच्या हातातला गोळा खाली पडला.  सत्यवतीने तिच्या नजरेच्या रोखाने वाकून चौकटीकडे पाहिलं, तर इतक्या जवळून तिला त्या सावल्या आणि तो पांढरा डागच दिसत होता.

"काय गे?" तिने विचारलं.

"हलू नको," लक्ष्मी म्हणाली. इतक्या वर्षांत ती सत्यवतीशी कधी एकेरीत बोलली नव्हती. "थयच धर. लांबसून हसता तो."

सत्यवती उन्हाने डोळे दिपले तरी चौकट धरून उभी राहिली. खळ्याच्या पलीकडे लक्ष्मी हळूच खाली बसली, शेणाचे हात गुडघ्यांवर तसेच. सत्यवतीचे दंड भरून आले. तिने जागा बदलली नाही.